कितवी खेप?

फोनवर सांगितलं होतं, "भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका." म्हणून सुनेनं सकाळपासून दोन बाटल्या पाणी पोटात घेतलं होतं आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर ती पाय जुळवून, ओठ आवळून बसली होती. मुलगा कंपनीच्या कामासाठी बंगळुरूला गेलेला, तिची आई मिरजेला. म्हणून सोबत मी. बाहेर पावसानं गोखले रोडवर रिक्षा खोळंबल्या होत्या. आत समोरच्या भिंतीवर तो ठरलेला फलक, गर्भलिंग निदान करणे हा दंडनीय गुन्हा आहे.

काउंटरवर आधार कार्ड घेतलं, फॉर्म भरून झाला. नाव, वय, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख, आधीची मुलं. खाली सही करायची ओळ होती, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. सुनेनं सही केली आणि कागद परत दिला, वीज बिल द्यावं इतक्या सहज. मला मात्र त्या ओळीपाशी थांबायला झालं. माझ्या तरुणपणी मुंबईत गर्भजल काढून मुलगा की मुलगी हे सांगायचा धंदा उघड चालायचा. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं कायदा केला. देशात पहिला आपला. देशभराचा कायदा १९९४ साली आला, १९९६ पासून लागू झाला. १९८८ हे साल माझ्या लक्षात राहण्याचं कारण वेगळं, त्याच वर्षी माझा मुलगा झाला.

तेवढ्यात एक वयस्कर सिस्टर फाइल घेऊन आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "कितवी खेप?"

"पहिलीच."

हा प्रश्न मी असाच, ठाण्यातच, १९८८ साली ऐकला होता. तेव्हा उत्तर मी दिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दिलं होतं. "पहिलीच."

आत बोलावल्यावर पोटावर थंडगार जेल लावून डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता लघवीला जाऊन या. आतून बघावं लागेल." सकाळपासून धरून ठेवलेलं पाणी एका वाक्यात फुकट गेलं, पण त्यामागचं कारण मला लगेच कळलं. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. आवाजाचा धडा घेताना मी मुलांना सांगायची, माणसाचा कान सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, वटवाघूळ त्याच्या पुढचं ऐकतं. सोनोग्राफीचा आवाज त्याच्याही कितीतरी पुढचा. पोटावरून बघायचं तर सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनं, आतून, म्हणजे योनीमार्गातून बघायचं तर ५० ते ९० लाखांपर्यंत. कंपनं जितकी जास्त तितकं बारीक दिसतं, पण तितकी त्यांची पोच कमी. म्हणून अगदी लहान काही पाहायचं असेल तर जवळ जावं लागतं. पोटावरून बघताना भरलेलं मूत्राशय खिडकीचं काम करतं, आणि आतून बघताना तेच अडचण होतं.

मी उशाशी उभी राहिले, तिचा हात धरून. दुसरा पडदा भिंतीवर होता. राखाडी धुकं, त्यात एक काळा ठिपका, तूरडाळीच्या दोन-तीन दाण्यांएवढा, आणि त्याच्या भोवती पांढरी कडा. त्या काळ्यात आणखी एक इवलंसं वर्तुळ, बांगडीसारखं पोकळ.

मी सुनेचा हात दाबला. मला वाटलं, हेच बाळ.

डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मापं घेतली, एकदा आडवी, एकदा उभी. दोन्ही बाजूंची अंडाशयं पाहिली. मग म्हणाल्या, "पिशवी गर्भाशयात आहे, योग्य जागी. ही योक सॅक. बाळ अजून दिसत नाही."

"म्हणजे?" सुनेनं विचारलं.

"तुमच्या तारखेनं आज ६ आठवडे ५ दिवस होतात. त्या हिशेबानं बाळ दिसायला हवं, ठोके दिसायला हवेत. पण पाळी दर महिन्याला वेळेवर येते का?"

"नाही. पस्तीस, कधी सदतीस दिवस."

"मग स्त्रीबीज उशिरा सुटलं असेल. आज मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. चौदा दिवसांनी या. त्याआधी नको, त्याआधी बघून काही हाती लागणार नाही."

रिपोर्टवर लिहून आलं, अर्ली जेस्टेशनल सॅक, योक सॅक सीन, नो फीटल पोल, म्हणजे गर्भ अजून दिसत नाही. सुनेनं तो कागद रिक्षात बसेपर्यंत तीनदा वाचला. बंगळुरूहून मुलाचा फोन आला. "म्हणजे काय ते सांग ना. आहे की नाही?" तिनं फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "पिशवी आहे."

इथे आपल्या भाषेचाच घोळ होतो. पिशवी म्हणजे बायकांच्या बोलण्यात गर्भाशय. "तिची पिशवी काढली," असं आपण म्हणतो तेव्हा गर्भाशयच काढलेलं असतं. डॉक्टर म्हणतात ती पिशवी निराळी, गर्भाशयाच्या आत रुजलेली, पाण्यानं भरलेली, जिच्यात पुढे बाळ दिसतं. संध्याकाळी माझ्या नणंदेनं फोनवर ऐकलं "पिशवी रिकामी दिसतेय" आणि ती घाबरून म्हणाली, "अगं मग दिवस गेलेच नाहीत का?" तिला समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की पडद्यावरचं काळं म्हणजे रिकामं, असं मीही धरून चालले होते. खरं तर काळं म्हणजे पाणी. पाण्यातून आवाज सरळ पुढे जातो, उलटून येत नाही, म्हणून तिथे पडद्यावर काही उमटत नाही. बाकी सगळं राखाडी, हाड असलं तर पांढरं. आणि ती बांगडी, योक सॅक, ती तर चांगलीच खूण होती. बाळाचं पहिलं रक्त तिच्या भिंतीत तयार होतं. ती गर्भाशयातल्या पिशवीत दिसली म्हणजे गर्भ नळीत अडकलेला नाही, इतकं तरी पक्कं.

नळीत अडकणं काय असतं ते मी पाहिलंय. शंभरात एखाद-दुसरीला होतं. आमच्या शाळेतली एक शिक्षिका, नव्वदच्या दशकातली गोष्ट, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पांढरीफटक पडून कोसळली. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. वेळेत ऑपरेशन झालं म्हणून वाचली. तिला दिवस गेलेत हे तिलाच माहीत नव्हतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात कुणी तिच्या पोटात पाहिलं असतं तर ती त्या फरशीवर पडली नसती. म्हणून लवकरची सोनोग्राफी उगाच करतात असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बाळ दिसण्याच्या आधी ती एक प्रश्न सोडवते, कुठे आहे?

दुसरा प्रश्न, किती दिवसांचं आहे? मराठीत आपण म्हणतो, दिवस गेले. किती नेमका शब्द आहे. पोटात काय आहे ते न सांगता फक्त मोजणी सांगायची. पण मोजणी सुरू कुठून होते, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी तर बाई गरोदर नसतेच. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी बीज सुटतं, तेही पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर. म्हणजे "सहा आठवडे झाले" म्हणतो तेव्हा गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो. आणि पाळी सदतीस दिवसांची असेल तर आणखी नऊ दिवस वजा. हे गणित मी त्या रात्री वहीत तीनदा मांडलं. दर वेळी उत्तर आशेच्या बाजूनं आलं, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसेना.

कशाच्या पुढे काय दिसतं, त्याचाही एक क्रम आहे. आतून पाहिलं तर साडेचार-पाच आठवड्यांना पिशवी. साडेपाचच्या आसपास योक सॅक. सहाच्या सुमाराला तिच्या कडेला चिकटलेली एक बारीक जाडसर रेघ, तीच गर्भ, आणि तिच्यात लुकलुक. ती लुकलुक म्हणजे हृदय, पण आपण चित्रात काढतो तसं चार कप्प्यांचं नाही. तेव्हा ती नुसती वळलेली नळी असते, गर्भ धरल्यापासून साधारण बाविसाव्या दिवशी आकसू लागलेली. पहिल्या दिवसांत मिनिटाला शंभर-एकशे दहा, मग भराभर वाढत नवव्या आठवड्याला एकशे सत्तरच्या आसपास, आणि नंतर पुन्हा हळूहळू उतरत जाते.

या सगळ्याची सुरुवात जहाजं बांधणाऱ्या गावात झाली, हे मला नोकरीत असताना माहीत असतं तर मी मुलांना नक्की सांगितलं असतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत आयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. कारखान्यात धातूला तडा गेलाय का हे आवाज पाठवून तपासतात, हे त्यांनी ऐकलं होतं. १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून ते बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. प्रतिध्वनी वेगवेगळे आले. १९५८ साली जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राऊन या सोबत्यांसह त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. भरल्या मूत्राशयातून लवकरचा गर्भ दिसतो हेही त्यांच्याच लक्षात आलं. पुढे १९७३ साली त्याच गावात ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय सांगायची रीत बसवली. आजही नौपाड्यातल्या त्या खोलीत तेच माप घेतात. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पुढे आईबापाच्या चणीनुसार फरक पडतो. म्हणून लवकर घेतलेल्या मापावरून तारीख ठरली की नंतरच्या सोनोग्राफीनं ती बदलायची नसते.

त्या चौदा दिवसांत मी रात्री जागून वाचलं. "दोन आठवडे थांबा" ही डॉक्टरांची टाळाटाळ आहे का, हा प्रश्न मला खात होता. तसं नव्हतं. पूर्वी गर्भ ५ मिलिमीटरचा झाला आणि ठोके नसले की गर्भ राहिला नाही असं सांगत. पिशवी १६ मिलिमीटरची झाली आणि आत काही नसलं तरी तेच. मग लक्षात आलं की या हिशेबात एखादं उशिरा दिसणारं पण जिवंत बाळही निकालात निघू शकतं. एकाच पिशवीचं माप दोन माणसांनी घेतलं तर थोडं वेगळं येतं, आणि एक-दोन मिलिमीटरवर एवढा मोठा निर्णय लटकलेला. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नवे आकडे छापले गेले, गर्भ ७ मिलिमीटर, पिशवी २५ मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर थांबायचं आणि पुन्हा बघायचं. किती थांबायचं तेही लिहिलंय. पिशवीत योक सॅक दिसली असेल तर निदान अकरा दिवस, ती नसेल तर चौदा. आमच्या डॉक्टरांनी योक सॅक असूनही चौदा सांगितले होते. एखाद्या बाईला तीन दिवस जास्त ताटकळत ठेवून चुकीच्या "नाही"पासून वाचवणं मला रास्त वाटतं. पण ते ताटकळणं घरात कसं असतं, ते त्या आकड्यांत कुठेच नाही.

घरात ते असं असतं. सून सकाळी उठून आधी बाथरूममध्ये जाते आणि दार उघडून बाहेर येईपर्यंत मी ओट्याशी चमचा हातात धरून उभी असते. ती बाहेर येते, मान हलवते, काही नाही. रक्त नाही. मग दिवस सुरू. मळमळ झाली तर दोघींना बरं वाटतं, एखाद्या दिवशी नाही झाली तर दोघी गप्प. दुपारी ती लॅपटॉपवर काम करते. मी तलावपाळीला एक फेरी मारून येते, कौपिनेश्वराच्या देवळात नुसती बसते. काही मागत नाही, कारण मागायचं काय? जे असेल ते तिच्या पोटात आधीच ठरलेलं आहे.

आणि फोन येत राहतात. पपई खाऊ देऊ नकोस. रिक्षानं फिरवू नकोस, काय ते खड्डे. मावशींचा सल्ला, तीन महिने कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका, दृष्ट लागते. पूर्वी मीही हेच सांगत आले. त्या रात्री मात्र वाचनात आलं की कळून आलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस टिकत नाहीत, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या वेळा कारण गुणसूत्रांतच असतं. बीजं एकत्र आली त्याच क्षणी जुळणी चुकलेली असते. त्यात पपई नाही, रिक्षा नाही, जिना नाही. आईनं काही केलेलं नसतं.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. मग उठून दिवा मालवला आणि अंधारात बसले.

आठव्या की नवव्या दिवशी सुनेसाठी काहीतरी पौष्टिक करावं म्हणून मी कपाटातले डबे काढत होते. खारीक, गूळ, डिंक. हात हळिवाच्या डब्यावर गेला आणि मी तो झटकन मागे घेतला. हळीव उष्ण. ते बाळंतिणीला द्यायचे, बाळंतपण झाल्यावर, अंग भरून यायला. पोटुशीला नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते घरात वाढतानाच कळतं. डबा तसाच ठेवून मी खाली ओट्यापाशी बसले, कारण मला एका वाटीचा वास आला. नारळाच्या दुधात शिजलेले हळीव, गूळ, किंचित जायफळ.

१९८६चा जुलै. लग्नाला वर्ष झालेलं. चरईत दोन खोल्या, पाणी खालच्या नळाला, पहाटे तासभर. मी डोंबिवलीच्या शाळेत शिकवायची. ठाणे स्टेशनचा पूल चढून पलीकडच्या फलाटावर उतरायचं, हे रोजचं. पाळी चुकून तीन-साडेतीन आठवडे झाले होते. फोडणीचा वास आला की मी गॅलरीत पळायची. घरी पट्टीवर दोन रेघा बघायची सोय तेव्हा आमच्यासारख्या घरांत आलेली नव्हती. तिसरी पाळी चुकली की डॉक्टरांकडे जायचं, अशी रीत. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. रविवारी सांगेन, असं ठरवलं होतं. गुरुवारी पहाटे बादली घेऊन जिना चढताना पोटात कळ आली. दुपारपर्यंत कळा वाढत गेल्या, मग रक्त, गाठी. मी मोरीत बसून होते. बाहेर पाऊस असा कोसळत होता की माझा आवाज कुणाला गेला नसता.

सासूबाई आत आल्या. त्यांनी पाहिलं, पाणी तापवलं, माझे पाय धुतले. मग म्हणाल्या, "पाळी लांबली होती. आली. होतं असं."

मी ते मानलं. चोवीस वर्षांची होते, मानायचंच होतं. ह्यांना तेच सांगितलं. दोन वर्षांनी मुलाच्या वेळी दवाखान्यात विचारलं, कितवी खेप, तेव्हा त्या "पहिलीच" म्हणाल्या आणि मी मान डोलावली. आत कुठेतरी मला वाटत आलं होतं की ते तसं नव्हतं. आणि ज्या क्षणी ते वाटायचं त्याच क्षणी पुढचंही वाटायचं, की मग ते माझ्या हातून झालं. त्या बादल्या. तो पूल. जवळपास चाळीस वर्षं मी हे दोन्ही विचार एकाच झाकणाखाली ठेवले होते, आणि झाकण होतं सासूबाईंचं ते वाक्य.

ओट्यापाशी बसल्या बसल्या मला बाकीचंही आठवलं, जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला आठ दिवस शाळेत जाऊ दिलं नव्हतं. साठीला टेकलेल्या त्या बाईनं नळावरच्या बादल्या स्वतः वर आणल्या. मला ओणवं होऊ दिलं नाही, केस पुसून दिले, डोक्याला रुमाल बांधला. आणि रोज संध्याकाळी वाटीभर हळिवाची खीर. संपेपर्यंत समोर बसायच्या. लांबलेली पाळी आली म्हणून कुणी आठ दिवस हळिवाची खीर देत नाही. त्यांना माहीत होतं. पहिल्या क्षणापासून माहीत होतं. माझी त्यांनी बाळंतिणीसारखी काळजी घेतली आणि तोंडानं मात्र पाळी म्हणाल्या. त्यांना स्वतःला असं किती वेळा झालं असेल, आणि त्यांना कुणी काय म्हटलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. २००४ साली त्या गेल्या.

त्या दिवशी मी खूप रडले. सून कॉलवर होती, तिला दिसू दिलं नाही. तिच्या पोटातलं काय होणार हे अजून माहीत नसताना माझ्या जुन्या रडण्याचा भार तिच्यावर टाकायचा नव्हता.

चौदाव्या दिवशी मुलगा आला होता. तपासणीच्या वेळी तो आत गेला, मी बाहेर बाकावर. समोर एक मुलगी होती, पाणी पिऊन पाय जुळवून बसलेली, बावीस-तेवीसची असेल. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. मी तिला म्हटलं, "आतून बघायचं म्हणाले तर लघवीला सोडतील हं." ती हसली.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, या."

सून चादर ओढून पडली होती, मुलगा पडद्याकडे बघत होता. डॉक्टरांनी आधीच साठवून ठेवलेली क्लिप लावली. काळी पिशवी आता बरीच मोठी झालेली, आणि तिच्यात, त्या बांगडीच्या बाजूला, बिरड्याच्या वालाएवढं काहीतरी. एक टोक जरा जाड, ते डोकं. मधोमध लुकलुक. पणतीची वात वाऱ्यावर थरथरते ना, तितकीच, पण न विझता, एका लयीत. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "१२ मिलिमीटर. म्हणजे आज ७ आठवडे ३ दिवस. तुमच्या तारखेपेक्षा ९ दिवस मागे. मागच्या वेळी ५ आठवडे ३ दिवस होते, तेव्हा दिसणारच नव्हतं." मग पिशवीतून एक उभी रेघ काढल्यासारखं चित्र दाखवलं, त्यात बारीक लाटा एकामागून एक. "ठोके १४३."

सदतीसातून अठ्ठावीस गेले, नऊ. माझं वहीतलं गणित बरोबर आलं होतं.

मुलानं फोन काढला. "आवाज ऐकवता येईल का? रेकॉर्ड करून घेतो."

"इतक्यात नाही," त्या म्हणाल्या. "आवाजासाठी डॉपलर लावावं लागतं, त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा पडते. पहिल्या दहा आठवड्यांत उगीच लावत नाही मी. आणि तो काही हृदयाचा आवाज नसतो, मशीन बनवून ऐकवतं. तुम्ही आता पाहिलंत ना? तेच खरं." मुलानं फोन खिशात ठेवला. मला त्या बाई फार आवडल्या. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी जे माहीत नव्हतं ते सांगायला नकार दिला होता, आणि आज गरज नसलेलं द्यायला.

सून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, दिसलं?"

"दिसलं," मी म्हटलं.

मला तिथे आणखी काहीतरी दिसत होतं, पण ते त्या खोलीत बोलायचं नव्हतं. त्या गुरुवारी माझंही एवढंच असणार. सात-आठ आठवडे. वालाएवढं. त्याची लुकलुक सुरू होऊन थांबली होती की सुरूच झाली नव्हती, ते आता कधीच कळणार नाही. तेव्हा बघायला काही नव्हतं, आणि असतं तरी चरईतल्या मास्तरणीला कोण पाठवणार होतं. बघून ते वाचलं नसतंच. पण मग सासूबाईंना ते वाक्य म्हणता आलं नसतं. आणि मला बादल्या इतकी वर्षं वाहाव्या लागल्या नसत्या.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. बारावा आठवडा उलटल्यावर मानेमागची जाडी बघायची तपासणी, पाचव्या महिन्यात सगळे अवयव बघायची. दर वेळी फॉर्म, दर वेळी ती सही. नाक कुणासारखं यावर नणंद आणि मावशी फोनवर भांडल्या.

डिसेंबरात मला स्वतःसाठी डॉक्टरांकडे जावं लागलं. ओटीपोटात दुखत होतं, फारसं काही निघालं नाही. सुनेचा सातवा महिना, तरी ती हट्टानं सोबत आली. तरुण डॉक्टर होती, संगणकावर एकेक रकाना भरत विचारत होती. वय. साखर. रक्तदाब. पाळी कधी बंद झाली.

"किती खेपा?"

"तीन," मी म्हटलं.

"मुलं?"

"दोन. एक मुलगा, एक मुलगी."

तिनं मान वर केली. "आणि एक?"

"पहिली. १९८६, जुलै. सात-आठ आठवड्यांची असेल."

"सोनोग्राफी झाली होती तेव्हा?"

"नाही."

तिनं दोन कळा दाबल्या आणि पुढच्या रकान्यावर गेली. बाजूच्या खुर्चीत सून पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं रिक्षाला हात केला, आधी मला बसवलं, मग स्वतः सावकाश बसली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

तीन हात नाक्याला भरपूर वाहतूक होती. घर येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं, जिना, बादली, मोरीतला पाऊस, आणि ती खीर, त्या समोर कशा बसायच्या तेसुद्धा.